इन्स्पेक्टरबाईंचा तास

इन्स्पेक्टरबाई लोकांना शांती शिकवायच्या आणि स्वतः सतत चिडलेल्या असायच्या. हॉलमध्ये आल्या की दरवाजा, खुर्ची, माझी पाण्याची बाटली, सगळ्यांवर बोटाचं पेर मारून कान द्यायच्या. चाकणकडच्या एका फाउंड्रीत त्यांनी जन्मभर तेच केलं होतं. ओतून आलेल्या लोखंडावर हातोडी मारायची. खणखणीत वाजलं तर पास, बद्द वाजलं तर आत चीर.

फाउंड्री सुटल्यावर सुनेने त्यांना साउंड बाथच्या, म्हणजे वाडग्यांचा नाद ऐकत पडून राहायच्या, कुठल्याशा वर्गाला नेलं. सून महिन्याभरात कंटाळली. बाईंनी मात्र काशाचे सात वाडगे जमवले आणि चिंचवडच्या आमच्या सोसायटीत दर बुधवारी चार वाजता, लोकांना चटईवर आडवं करून, ते वाजवायला लागल्या.

ते वाजवायला शिकणारी मी त्यांची पहिली शिष्या. चार वर्षांपूर्वीची ती शिष्या म्हणजे एक नमुनाच होती. शाळेतून रिटायर झालेली, खास पांढरी साडी घेतलेली, आणि तिसऱ्याच आठवड्यात बहिणीला फोनवर ‘माझी कंपनं’ समजावून सांगणारी. हातात वाडगा आला की मी तो मधल्या सुट्टीच्या घंटेसारखा बडवायची.

“मास्तरीणबाई, त्याचं काय चुकलंय? मारताय कशापायी?” बाई म्हणायच्या. मग वाडगा माझ्या तळहातावर ठेवून स्वतः एकच ठोका द्यायच्या. “हाताच्या मुंग्या थांबू द्या. मग दुसरा.”

मला शिकवण्यात त्यांचा स्वार्थ होता आणि तो त्या लपवत नसत. शिफ्टा करून करून त्यांची झोप कायमची मोडली होती. “समद्यांना मी झोपवते. मला कोन झोपवनार? शिका लवकर,” असं दर बुधवारी ऐकवायच्या.

इतर ठिकाणी तास संपला की छोटी घंटी वाजवून लोकांना उठवतात. बाई वाजवत नसत. मी एकदा कारण विचारलं, तर केवढ्या भडकल्या. “ही मानसं भोंग्यावर उठली, भोंग्यावर जेवली, भोंग्यावर घरी आली. मी बी. झोपलेल्याला मी उठवनार न्हाई.” शेवटच्या वाडग्याचा आवाज विरला की त्या हात मांडीवर ठेवून बसून राहायच्या. तिसऱ्या शिफ्टचा एखादा वेल्डर साडेपाचपर्यंत घोरायचा. पाचला झुंबाचा क्लास असायचा. सोसायटीचे सेक्रेटरी दारात किल्ल्या खुळखुळवत उभे राहायचे. बाई त्यांच्याकडे बघून माझ्या कानात म्हणायच्या, “बद्द वाजतोय.”

मग एक दिवस सेक्रेटरी माझ्या घरी चहाला आले. म्हणाले, “मावशी, क्लास तुम्हीच घ्या ना. त्या बाईंची भाषा, तो आवाज. लोक रिलॅक्स व्हायला येतात हो. आणि तुम्ही वेळेत संपवाल.” तो चहा मी त्यांच्या डोक्यावर ओतायला हवा होता. त्यांचा राग मला अजून येतो. पण त्याहून जास्त राग येतो त्या पांढऱ्या साडीतल्या बाईचा, जिने लाजत विचारलं, “बुधवारच ना?”

बसच्या कंडक्टरशी स्टॉपवरून भांडणाऱ्या इन्स्पेक्टरबाई या वेळी भांडल्या नाहीत. वाडगे माझ्याकडे ठेवले, म्हणाल्या, “वाजते ठेवा.” आणि पुढच्या बुधवारी येऊन शेवटच्या रांगेत चटई अंथरली. मला वाटलं, तपासणीला आल्यात. खरं सांगते, त्या दिवशी माझा हात छान लागला. मुंग्या थांबायची वाट बघत, एकेक ठोका. चौथ्या वाडग्याला बाईंचं तोंड उघडलं. पाचव्याला त्या घोरायला लागल्या.

पाचला पाच मिनिटं होती. सेक्रेटरींनी दारातून मनगटावरचं घड्याळ दाखवलं. माझ्यापुढे नवी कोरी पितळी घंटी होती. मी ती वाजवली. शाळेत वाजवायचो तशी, तीनदा.

बाई ताडकन उठल्या. डोळे मिटलेलेच, हात उशाशी डब्याची पिशवी चाचपत होता, पाय चप्पल शोधत होता. मग हॉल दिसला. मी दिसले.

“टायमात संपवलंत, मास्तरीणबाई,” त्या म्हणाल्या. चटई गुंडाळली आणि गेल्या. परत आल्या नाहीत. मला माफी मागायला जायचं होतं. मी पुढच्या आठवड्यावर ढकलत राहिले. त्याच वर्षी त्या वारल्या. झोपेतच गेल्या, त्रास झाला नाही, असं सून म्हणाली. ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. मला ती घंटी कुणाला तरी फेकून मारावीशी वाटली. कुणाला, ते आरशात दिसत होतं.

क्लास अजून माझाच आहे. घंटी भंगारात गेली. हॉलच्या घड्याळाचा सेल मी दर बुधवारी काढून पर्समध्ये टाकते. घड्याळ सारखं बंद का पडतं, हे कमिटीला अजून कळलेलं नाही. गेल्या बुधवारी तळवड्याच्या एका युनिटमधली पोरगी पावणेसहापर्यंत गाढ झोपली होती. सेक्रेटरी दारात किल्ल्या खुळखुळवत होते. कधी संपणार, असं त्यांनी खुणेने विचारलं. मी उठले, त्यांच्या हातातून किल्ल्या काढून घेतल्या, आणि त्या मांडीवर, हाताखाली दाबून बसून राहिले.