विहीणबाईंनी निवडलेला कॅमेरा

आमच्या विहीणबाई कुठलीही वस्तू घेण्याआधी ती वापरणाऱ्या माणसाच्या जागी जाऊन बसायच्या. सुट्टीत येणाऱ्या नातवाला टेबल घ्यायचं होतं तेव्हा त्या भर दुकानात गुडघ्यांवर बसल्या आणि हनुवटी कुठवर येते ते बघितलं. पण गौलीगुड्याजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात त्यांनी पिशवीतून गरम भांडी उचलायचे जाड हातमोजे काढले, ते घातले आणि बोअरवेलमध्ये सोडायच्या कॅमेऱ्याची बटणं दाबू लागल्या, तेव्हा मात्र दुकानदारही थांबला.

"अम्मा, हैदराबाद में इत्ते मोटे दस्ताने कायकू?"

"मेरी पोती पेनती जी. हात खुल्ला रक्खी तो उंगलियां अकड़ जाते," त्या म्हणाल्या आणि मला मराठीत सांगितलं, "बटणं बारीक आहेत. हे चालायचं नाही."

मी शेजारी पिशवी धरून उभी होते आणि मनातल्या मनात जळत होते.

माझी मुलगी त्यांच्या मुलाला दिलेली. दोघं कॅनडात एडमंटनला असतात. तिथं हिवाळ्यात तळं इतकं गोठतं की लोक त्यावर तंबू ठोकतात, बर्फाला भोक पाडतात आणि त्यातून मासे धरतात. जावयाच्या मनात मुलांनाही न्यायचं आलं. नात मैत्री नऊ वर्षांची, नातू सुजात सहाचा. मुलं कंटाळू नयेत म्हणून कुठली यंत्रं घ्यावीत, हे त्यानं रविवारच्या फोनवर आईला विचारलं. विहीणबाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. त्यांना तर सणच आला.

आता खरं सांगायचं तर आमच्या दोन्ही घरांत माशांचं कळत असेल तर मला. मी नांदेडची. वडलांबरोबर गोदावरीच्या काठी गळ टाकून बसत माझं लहानपण गेलं. विहीणबाईंनी मासा बघितलेला तो तळलेला. पण मला कुणी विचारलं नाही. मीच एकदा फोनवर पोरांना सांगायला बसले की दोरी बोटावर कशी धरायची, धक्का कसा ओळखायचा.

"पण आजी, खाली मासा आहे हे तुला कसं कळायचं?" मैत्रीनं विचारलं.

"नाही कळायचं. बसून राहायचं."

"मग तू बघायचीस काय?"

"पाणी."

यावर सुजात म्हणाला, "दिलसुखनगर आजीला फोन दे ना." दिलसुखनगरच्या विहीणबाई त्या दिवशी माझ्याच घरी, हिमायतनगरला आल्या होत्या. मी फोन त्यांच्या हातात दिला आणि चहा ठेवायला आत गेले. चहा कुणालाच नको होता.

नंतर त्या मला समजावत होत्या. "मुलांना दिसलं पाहिजे, विहीणबाई. न दिसणाऱ्याची वाट मोठी माणसं बघतात." म्हणून त्यांचं मत पडलं पाण्याखालच्या कॅमेऱ्याला. आवाजाच्या लहरींनी मासा हुडकून पडद्यावर नुसत्या रंगीत रेघा दाखवणारं सोनार यंत्र मोठ्यांसाठी ठीक. सुजातला रेघ म्हणजे मासा हे पटायचं नाही. बॅटरी थंडीत दम सोडते असं त्यांनी कुठं तरी ऐकलं, तर त्यांनी घरातली एक बॅटरी डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवली. एकदा त्यांच्याकडे मी बर्फ काढायला गेले, तर मटाराच्या पिशवीखाली ती. आणि मुलाला त्यांनी बजावलं, "आधी तंबूतल्या विषारी वायूची घंटा घे. शेगडी पेटवून बसणार ना तुम्ही? मग कॅमेरा."

त्याच थंडीत मुलीनं त्यांना बोलावलं. पोरांचाच हट्ट होता. मी "वा, छान" म्हणाले आणि चार दिवस मुलीचा फोन घेतला नाही. मग विहीणबाईंचा दमा उफाळला. डॉक्टरांनी त्या थंडीत जायला साफ मनाई केली आणि बोलावणं माझ्याकडे आलं.

विमानतळावर सोडायला त्या आल्या. सगळं बोलून झालं आणि मी ट्रॉली पुढं ढकलली, तेव्हा म्हणाल्या, "तुमचा राग आलाय मला. उगीच लपवून काय करू?"

मी इतकी वर्षं जे पोटात ठेवलं, ते या बाईनं उभ्या उभ्या बोलून टाकलं. मी "पोचले की कळवते," एवढंच म्हणाले.

बर्फावरच्या तंबूत आम्ही चौघं होतो. मुलगी घरीच थांबलेली. बऱ्याच वेळानं, विहीणबाईंनी निवडलेल्या मोठ्या बटणांच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर एक लांबट, पिवळसर मासा आला आणि आमिषाभोवती फिरू लागला. सुजात माझ्या मांडीवर होता. पण ओरडला काय, तर "दिलसुखनगर आजीला लाव." जावयानं फोन लावून पडद्यासमोर धरला. हैदराबादला रात्र होती, पण विहीणबाई जाग्याच होत्या.

"ओढू, आजी?" मैत्रीनं विचारलं.

"मला काय विचारतेस? तुझ्या शेजारी बसलीय तिला विचार. मला वायरी कळतात, मासा तिला कळतो."

मैत्री माझ्याकडे वळली. मासा आमिषाला तोंड लावून सोडत होता. मी तिच्या हातमोज्यावर हात ठेवला, म्हटलं, "थांब. थांब अजून. आता ओढ."

मासा वर आला. पोरांनी मला मिठी मारली. तो क्षण मला विहीणबाईंनी दिला होता, आणि म्हणूनच मी त्यांच्यावर कधी नव्हे इतकी जळले. मला असं देता आलं नसतं.

मी परतल्यावर उन्हाळ्यात त्या गेल्या. दम्यानंच. पुण्यानुमोदनाच्या विधीला त्यांच्या घरी त्रिसरण-पंचशील झालं. मुलगा एकटाच येऊ शकला. पोरांनी तिकडून फोनवर हात जोडले.

आता रविवारी पोरांचा फोन माझ्या एकटीकडे येतो. भरपूर बोलतात. मला हेच हवं होतं. पूर्वी फोन झाला की मी काही तरी निमित्त काढून विहीणबाईंना लावायचे, पोरं त्यांच्याशी माझ्यापेक्षा जास्त वेळ बोलली का ते काढून घ्यायला. त्यांना ते कळायचं. "हौ, आज तुमच्याशी जास्त बोलले," म्हणायच्या, खरं असो की खोटं. आता फोन ठेवते आणि तशीच बसून राहते.