सुरूच्या बनाखालची वाळू

सुरूच्या बनात खाली बसून तुम्ही कधी पाहिलं आहे का, तिथे आणखी काय जगतं ते?

मी पाहिलं, पण चार वर्षं उशिरा. चेन्नईजवळच्या सिरुसेरीत नोकरी लागली तेव्हा त्सुनामीला जेमतेम वर्ष झालं होतं. लहानपणापासून पत्रकं वाचत आणि वाटत वाढलेला मी. कंपनीत रुजू होताच एक पत्रक लिहिलं. समुद्राला अडवायला तिथून जवळच्या कोवलमच्या किनाऱ्यावर सुरूची भिंत उभारू या. शनिवारी दोन बस भरून लोक आले. रोपांना जागा हवी म्हणून वाळूवर पसरलेली जांभळ्या फुलांची मर्यादवेल आम्ही दुपारपर्यंत उपटून काढली.

किनाऱ्यालगत राहणारी, मासे सुकवून विकणारी एक अक्का ते बघत होती. वेल काढू नका, वाळू तिनेच धरून ठेवली आहे, असं ती सांगत राहिली. मी मोडक्या तमिळमध्ये तिला पत्रक समजावलं. ती माझ्या तमिळला हसली आणि माशांकडे वळली.

सुरू झपाट्याने वाढला. त्याच्या सुईसारख्या पानांचा जाड थर साचला, त्याखाली वेल पुन्हा उगवली नाही. खेकड्यांची बिळं गेली. अंडी घालायला येणारी कासवं झाडांपाशी येऊन परत फिरतात, असं अक्काने सांगितलं. एका झाडाने सगळा किनारा आपल्यासारखा करून टाकला, आणि त्याला तिथे नेऊन बसवणारे आम्ही.

गेल्या दिवाळीनंतरच्या पावसात समुद्राने बनापुढची वाळू कापली. जिथे उतार होता तिथे कमरेएवढा कडा झाला. पहिल्या ओळीतली झाडं मुळांसकट आडवी पडली. कड्यापासून अक्काच्या चुलीपर्यंत मी पावलं मोजली: बावीस. पुढच्या खेपेला सतरा.

"तंबी," ती धाकट्या भावाला म्हणावं तसं म्हणाली, "तुझ्या कागदात माझ्या घराचं काय लिहिलं होतं?"



तिच्या घराच्या एका अंगाला मर्यादवेलीचा पट्टा उरला आहे. तेवढीच वाळू अजून जागेवर आहे. आता कंपनीने तिथेही सुरू लावायचं ठरवलं आहे. रोपं येऊन पडली आहेत, नावांची यादी फिरते आहे, आणि यादीला माझंच जुनं पत्रक टाचलेलं आहे.

ती यादी तुमच्यापर्यंत आली, तर सही करू नका. कोवलमला मात्र या. रोप न घेता या, अक्काला विचारा, आणि ती देईल ते वेलीचे तुकडे उघड्या वाळूत खोचा.