चिमटेमामांचं निळं मलम

चिमटेमामांकडे ज्याने एकदा मलमपट्टी करून घेतली, त्याला मार कुठे संपला आणि औषध कुठे सुरू झालं हे सांगता यायचं नाही. मुरबाडला एसटी स्टँडमागे एक खाजगी दवाखाना होता. डॉक्टरसाहेब टाके घालायचे, पुढचं सगळं मामांकडे. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, अंगात बंडी आणि हातात कायम पोलादी चिमटा. रोगी ओरडला की मामा त्याच्यापेक्षा मोठ्याने ओरडायचे. कुणी हात हिसकावला तर सरळ कानाखाली वाजवायचे. तरी घाटाखालची माणसं त्यांच्याकडेच यायची, कारण मामांनी धुतलेली जखम चिघळत नसे.

मामांचं खरं वैर मोरचुदाशी. आमच्याकडे घरोघरी त्याचे निळे खडे असत, बैलाचा खूर सडला की लावायला. तांब्याचा क्षार तो. कोयता लागला, कुऱ्हाड बसली की तीच पूड माणसाच्या जखमेत भरायची चाल होती. जखम कोरडी पडल्यासारखी वाटायची, पण कडेचं मांस जळून काळंनिळं व्हायचं. अशी जखम समोर आली की मामांचं डोकं फिरे. वैशाखरे गावाकडच्या एका बापाने लेकीच्या पायाच्या जखमेत मोरचूद भरून तिला आणलं, तर मामांनी त्याला भिंतीशी दाबून धरला आणि पुडीतली उरलेली पूड त्याच्या तोंडात कोंबायला निघाले. "बैल बोलत नाय म्हणून त्याला लावता. ही बोलते ना रे?" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. डॉक्टरांनी कसंबसं सोडवलं.

बांधावरून कापाकापी झाली की दोन्ही पक्ष मामांकडेच येत. एकदा दोघे सख्खे भाऊ कोयत्याने एकमेकांना तासून एकाच जीपमधून आले, कारण त्या वेळेला दुसरी जीप नव्हती. शेजारी शेजारी बाकावर बसले आणि जरा दम खाल्ल्यावर पुन्हा जुंपली. मामांनी स्टीलचा ट्रे एकाच्या पाठीत आणि दुसऱ्याच्या टाळक्यात घातला. टाळक्याला दोन टाके जास्त पडले, तेही मामांनीच त्याला दाबून धरून घालून घेतले. आज हसू येतं, पण त्या दिवशी रक्ताने फरशीवर पाय घसरत होता.

मी त्यांच्याकडे पोचले ती दोन हजार सालानंतर, एका पावसाळ्याच्या शेवटाला. लग्न होऊन मी उंबरमाळीकडच्या डोंगरातल्या गावी गेले होते. नवऱ्याने कोयता उगारला. कारण सांगण्यासारखं नाही, कारण कारण नव्हतंच. मी हात आडवा धरला, तो मनगटापासून कोपरापर्यंत उघडला. सासूने, वाईट मनाने नव्हे, मोरचूद भरून फडकं बांधलं. तिसऱ्या दिवशी माझा भाऊ मला घेऊन मुरबाडला आला.

मामांनी फडकं सोडलं आणि शिव्या दिल्या नाहीत, तेव्हाच मी घाबरले. माझा खांदा गुडघ्याखाली दाबून त्यांनी मेलेलं मांस कापायला घेतलं. मी सांगितलं, विळीवर पडले. हात न थांबवता मामा म्हणाले, "इळीवर पडलीस तर खालून लागेल. ह्यो वार वरून आलाय." बोलले माझ्याशी, पण बघत होते भावाकडे.

पोलिसात कुणी गेलं नाही. बैठक बसली आणि भावाने पाच माणसांत शब्द दिला, की जखम भरली की बहिणीला नांदायला पाठवतो. भाऊ दुष्ट नव्हता. दिलेला शब्द त्याला माझ्या हातापेक्षा मोठा वाटला, एवढंच. या गोष्टीचा मला आजही संताप येतो.

जखम दोन महिने भरेना. डॉक्टरांच्या परदेशातल्या मेहुण्याने एक ट्यूब पाठवली, कॉपर पेप्टाइडच्या मलमाची. मामांनी ती पिळली, निळा रंग पाहिला मात्र, ट्यूब खिडकीतून गटारात भिरकावली आणि थेट डॉक्टरांची कॉलर धरली. डॉक्टरांनी तसंच उभं राहून समजावलं. मोरचुदातलं तांबं मांस जाळतं. यात तांब्याचा कण प्रथिनाच्या बारीक तुकड्याला बांधलेला असतो, तसा तुकडा आपल्या रक्तातही असतो आणि तो नवी कातडी धरायला मदत करतो, निदान तसं म्हणतात. मामांनी कॉलर सोडली. गटारातून ट्यूब काढून धुतली. मग ब्लेडने स्वतःच्या दंडावर बोटभर चीर मारली आणि तिच्यात मलम चोपडलं. आठवडाभर रोज उघडून बघत होते. मांस जळत नाही अशी खात्री पटल्यावरच त्यांनी ते माझ्या हाताला लावलं.

दिवाळीनंतर कडेकडेने गुलाबी कातडी सरकू लागली. मलमाने, रोजच्या धुण्याने की माझ्या तरण्या वयाने, ते मामाही सांगू शकत नव्हते. मला मात्र रोज धडकी भरायची. एका सकाळी त्यांनी पट्टी सोडली तर हात पुरता भरला होता. मी रडायला लागले. मामांनी दाराकडे पाहिलं, बाहेर भाऊ बसला होता. त्यांनी नवा कापूस घेतला, आधीपेक्षा जाड पट्टी बांधली आणि दार उघडून भावाला सांगितलं, "आतून पू हाय. अजून दोन महिने तरी नाय."

दोनाचे सात महिने झाले. बऱ्या झालेल्या हातावर मामा दर तिसऱ्या दिवशी पट्टी बदलत आणि भावाला ऐकू जावं म्हणून मला ओरडायला लावत. मी मनापासून ओरडले नाही, तर खराच चिमटा घेत.

शेवटी नवरा स्वतः आला, भावाला बरोबर घेऊन. आत घुसून त्याने पट्टी फाडली. खाली स्वच्छ, कोरडा वण. त्याने लोखंडी स्टूल उचललं. ते माझ्यासाठी होतं, पण मामा मध्ये आले आणि त्यांचं कपाळ भुवईपर्यंत फाटलं. दुसरा घाव बसायच्या आत त्यांनी नवऱ्याच्या मनगटात चिमटा रुतवला. डोळ्यात रक्त उतरत होतं, तसेच ते भावाला म्हणाले, "ही बघ उघडी जखम. आता पाठव बहिणीला."

भावाने नवऱ्याला फरफटत रस्त्यावर नेलं आणि इतका मारला की लोकांना मध्ये पडावं लागलं. पाच माणसांतला शब्द तिथेच मोडला.

मामांना टाके डॉक्टरांनी घातले, पट्टी मी केली. हात हळू चालतो म्हणून त्यांनी मला यथेच्छ शिव्या दिल्या. ट्यूबमध्ये थोडं मलम उरलं होतं. टाके सुकल्यावर मी ते लावायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला. "नको गो. वण ऱ्हाऊ दे. तुझा भाऊ रोज स्टँडवर येतो, त्याला दिसला पायजे."

वण राहिला. मामा पुढे चार वर्षं जगले आणि मी त्यांच्या हाताखाली शिकून त्याच दवाखान्यात कामाला लागले. मला परत पाठवण्याची गोष्ट भावाने कधी काढली नाही. मामा गेले तेव्हा खांदा द्यायला तो सगळ्यांच्या पुढे होता. स्मशानातून आल्यावर ओट्यावर बसला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हणाला, "हात बघू तुझा."

मी बाही खाली ओढली आणि आत निघून गेले.