हिलाल भगताचा काढा

सुरतेतल्या बमरोलीच्या हिलाल भगताला वर्षभर कुणी विचारत नसे. मागावर तो दोरा तुटला की जोडायचा आणि सुपरवायझरच्या शिव्या खायचा. श्रावणात घरात कानबाई बसायची, त्या दिवशी मात्र त्याच्या अंगात देवी यायची, आणि तोच सुपरवायझर पोराचं दुखणं घेऊन त्याच्या पायाशी बसायचा. त्यासाठी हिलालला लागायचा बापजाद्यांचा काढा. तो उकळायचा बायकोनं, पण चाखायचा फक्त भगतानं, असा घराण्याचा दंडक.

काढा खानदेशातला आणि संसार सुरतेत, तेव्हा त्याच्या बायकोची, पुष्पाबाईची पंचाईत ठरलेली. पहिल्याच वर्षी तिनं भागळच्या जडीबुटीवाल्याकडे मोहाची फुलं मागितली, तर त्यानं आधी रस्त्यावर पोलीस आहे का ते पाहिलं. दारूबंदीचं राज्य.

"काकी, महुडां नहीं मळे," तो हळूच म्हणाला. "सूकी द्राक्ष लई जाव."

मोहाच्या जागी मनुका आल्या. भांग मिळेना, तिथं पुदिना आणि बडीशेप. सातपुड्याच्या मुळीची जागा ज्येष्ठमधानं घेतली. हिलाल दरवर्षी मिटक्या मारत प्यायचा आणि देवी दरवर्षी वेळेवर यायची. देवीला सुरत मानवली, असं पुष्पाबाईला वाटे.

पण काढ्यातला धोतरा तसाच राहिला होता. जे मिळू नये तेच मेलं मिलमागच्या खाडीकाठी फुकट उगवत होतं, आणि हिलाल स्वतः जाऊन त्याचं बी आणायचा. ह्याच बियांनी पुष्पाबाईचा सासरा गेला होता. शुद्ध हरपली ती परत आलीच नाही. गेल्या कानबाईला हिलालनंही सकाळी डोळे तारवटून तिला विचारलं होतं, "तू कोन शे?" दुपारपर्यंत त्याला बायको आठवली नव्हती. तेव्हापासून ती रडून, भांडून, अबोला धरून सांगत होती, की धोतरा सोडा. हिलालचं एकच उत्तर, "बायकास्ले काय समजस?"

म्हणून ह्या श्रावणात तिनं धोतऱ्याचं बी चुलीत घातलं आणि काढ्यात मूठभर मेथी टाकली. दिसायला जवळपास तशीच, आणि कडूपणात तर चार पावलं पुढे.

संध्याकाळी कानबाई चौरंगावर बसली. खोलीत मुंगीला वाट नव्हती. हिलालनं काढा घेतला आणि ओठ पुसले. "आज चव येगळीच लागी ऱ्हायनी," तो पुटपुटला.

डफ वाजू लागला. हिलालनं मान हलवून पाहिली, डोळे मिटले, उघडले. काही नाही. शेजारची वत्सला हात जोडून वाट पाहत होती. मागे कुणीतरी खोकलं, कुणीतरी हसलं. हिलालच्या कपाळावर घाम आला. त्याचा हात हळूच खिशात गेला आणि बाहेर आला तो धोतऱ्याचं अख्खं बोंड घेऊन. पठ्ठ्यानं जादा आणून ठेवलं होतं.

पुष्पाबाईनं ते पाहिलं. ती ओरडणार होती, पण तोंडातून जे निघालं ते ओरडणं नव्हतं. केस सुटले, अंग थरथरू लागलं, आणि तिनं नवऱ्याच्या हातावर असा फटका मारला की बोंड थेट वत्सलाच्या मांडीवर पडलं.

"फेकी दे ते!" ती कडाडली. "माले तुना जीव नको! आजपाईन धोतरा बंद."

डफ थांबला. हिलालनं भर समाजात बायकोच्या पायावर डोकं ठेवलं. "मनी चूक व्हयनी, माय," तो म्हणाला आणि लहान मुलासारखा रडला. मग वत्सलानं आपली डोकेदुखी सांगितली, सुपरवायझरनं आपली बदली, आणि पुष्पाबाईला सगळ्यांना अंगारा लावत बसावं लागलं. अंगात खरंच आलं होतं की नुसती भीतीच आली होती, हे तिचं तिलाही कळलं नाही.

सकाळी हिलाल शहाण्यासारखा उठला आणि चहाला बसला.

"देवीनी धोतरा सोडाले सांगं," त्यानं गंभीरपणे बातमी दिली. "आते बंद."

"मी वरीसभर तेच सांगत व्हती."

"तू सांगस ते येगळं. तू काय देवी शे का?"

पुष्पाबाईनं पदर तोंडाला लावला. आधी हसू आलं, मग डोळे भरले. तिनं त्याच्या बशीत आणखी थोडा चहा ओतला आणि म्हणाली, "नही हो, मी कशानी देवी."