लाल बाही

देवाचं आमच्याकडं लक्ष हाय का न्हाई, असं त्या हिवाळ्यात मला लय वाटायचं. बायको जाऊन वरीस झालं न्हवतं. लेक शेवंता दुसऱ्या खेपंला माहेरी आलेली, पैलं पोर पाचवी पुजायच्या आतच गेलेलं. दिवस भरायच्या आधीच तिला सांगलीच्या दवाखान्यात न्यावं लागलं. पोरगी झाली, माझ्या तळहातावर मावंल एवढी. नर्सबाई म्हणल्या, "उबंत ठेवा, मग बघू." त्या 'मग बघू'नं माझी झोप गेली.

मला विणता येतं. हसू नका, गाव हसून दमलंय. लढाईत पाय मोडला तवा मिलिटरीच्या दवाखान्यात पडल्या पडल्या शिकलो. बंदूक धरून नाव काढलं न्हाई, ते सुया धरून काढलं. शेवंताच्या बाळासाठनं साताऱ्यातनं हिरवी लोकर आणून स्वेटर घातला हुता विणायला. पण अंदाज माझा. पाठ अशी झाली की पोरगी शाळंत जाईस्तवर पुरावी. दवाखान्याच्या व्हरांड्यात एक बाही पुरी झाली आणि दुसरीला लोकर संपली.

शेवंताची सासू बघत हुती. म्हणली, "पावनं, बाही न्हाई ते न्हाई, वर नवं कोरं. हिच्या आधीचं गेलंय. अशा लेकराला दुसऱ्याच्या घरचं मागून आणलेलं घालत्यात. आमची इहीण असती तर तिनं सांगितलं असतं."

खरं हुतं. बायकोला असलं सगळं ठावं हुतं. मला टाके तेवढे ठावं. पण मागायचं म्हणलं की माझी जीभ जड हुती. फौजेतला माणूस, कुणाफुडं हात कसा पसरू? म्हणून लोकर इकतच घ्यायला निघालो. सांगलीची पेठ पालथी घातली, मग लंगडत इश्रामबागंपातूर गेलो. तसली हिरवी कुठंच न्हाई. एक दुकानदार म्हणला, "मामा, हितं थंडीत बी घाम पुसायला टावेल मागत्यात, लोकर कोण मागतंय?"

पाय भरून आले. रस्त्याकडंच्या देवळाच्या पायरीवर बसलो. देऊळ मारुतीचं, आणि गाऱ्हाणं मी आमच्या गावच्या सिद्धनाथाला घातलं. म्हणलं, देव एकमेकाला निरोप देत असतील. "नाथा, मी दमलो. आता तूच बघ."

शेजारी उन्हाला एक म्हातारी बसलेली. गळ्यात इटका लाल मफलर. ती म्हणली, "कसला थोटा झगा घिऊन बसलाईसा?"

मी सगळं सांगितलं. ती मफलर चाचपत म्हणली, "ह्यो आधी माझ्या धाकट्याचा स्वेटर हुता. मग नातवाचा. दोघंबी आता माझ्यापरीस उंच झाल्यात."

मी मफलरकडं बघत बसलो. तवा ती म्हणली, "आवं, मागा की. न मागता दिलं तर लागू पडत न्हाई."

मी हात पसरला. "आजी, लेकरासाठनं जरा लोकर द्या." तिनं दातानं गाठ तोडली आणि मफलर उसवाय लागली. कुरळी झालेली लोकर, तिच्या गळ्याची ऊब तशीच. तिथंच बसून बाही विणली.

हिरव्या स्वेटरला लाल बाही. इहीणबाईनं बघितलं आणि पोरगीला सवताच घातला. पोरगी जगली. फुडं नवा मफलर विणून त्या पायरीवर गेलो, म्हातारी गावली न्हाई. गुरव म्हणला, "अशा लय बाया उन्हाला येत्यात." मफलर मारुतीच्या पायाशी ठेवला.

लोकर पुरली असती तर म्या हात पसरलाच नसता. नाथानं कमी पाडली, का माझ्या अडाणी मापानं, ते मी इचारत न्हाई. मिळालं तेवढं डोक्याला लावतो.

परवा आळीतला एक गडी दारात येऊन घुटमळत हुता. घरात अशक्त लेकरू, आधीचं गेलेलं. चपलीकडं बघत उभा. मी तवर नातीचा त्यो लाल बाहीचा स्वेटर पेटीतनं काढून मांडीवर घेतला हुता.

म्हणलं, "माग की गड्या."