गादीवाल्यांनी केलेला इन्सल्ट

गादीवाल्यांचा जन्म कापूस पिंजण्यात आणि गाद्या भरण्यात गेला. माणूस सरळ, फक्त जीभ जरा सैल. एका संध्याकाळी त्यांचा मेहुणा दुकानात आला आणि गिऱ्हाइकासाठी शिवून ठेवलेल्या नव्याकोऱ्या गादीवर ऐसपैस आडवा झाला. मेहुणा अंगाने चांगला भरभक्कम. गादीवाले सगळ्यांसमोर म्हणाले, "दादा, उठा. ही माणसासाठी भरलीय, हत्तीसाठी नाही."

मेहुण्याने चपला घातल्या. "भाऊजी, चारचौघांत माझा इन्सल्ट केलात," म्हणाला आणि निघून गेला. बोलणंच टाकलं त्याने. बायकोनेही भावाची बाजू घेतली. ती जेवायला वाढायची, पण आणखी काय हवं ते नवऱ्याला न विचारता भिंतीला विचारायची.

शेवटी गादीवाल्यांनी कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या लेकीला गाठलं. "इन्सल्ट करणं म्हणजे नेमकं काय गं?"

"अपमान करणं. शब्द मूळचा लॅटिन, बाबा. 'इन' म्हणजे वर, 'साल्तारे' म्हणजे उड्या मारणं. इन्सुल्तारे, एखाद्याच्या अंगावर उडी घेणं. पुढे लोक पायांऐवजी शब्दांनीच..."

पुढचं ऐकायला गादीवाले थांबलेच नाहीत. तडक मेहुण्याच्या घरी गेले आणि त्याच्या पलंगावर बसून म्हणाले, "दादा, मी काही तुमच्या अंगावर उडी मारली नव्हती. तेव्हा लॅटिनप्रमाणे इन्सल्ट झालेलाच नाही."

मेहुण्याने जवळचं स्टूल पुढे ओढलं. "म्हणजे मी आता तुमच्या अंगावर उडी मारली, तर तो इन्सल्ट?"

"अगदी अस्सल."

मेहुणा शांतपणे स्टुलावर चढला. गादीवाल्यांना कोपऱ्यात सरकायला जेमतेम वेळ मिळाला. धाडकन आवाज झाला, फळ्या मोडल्या आणि दोघंही गादीसकट जमिनीवर.

"लागलं का, भाऊजी?" मेहुण्याने पडल्या पडल्या विचारलं.

"नाही. तुम्हाला?"

"छे. गादी झकास आहे हो."

"मीच भरलीय."

मग दोघं पोट धरून हसत सुटले. तेवढ्यात मेहुण्याची बायको, म्हणजे वहिनी, चहा घेऊन आल्या. त्यांनी पलंगाकडे पाहिलं, दोघांकडे पाहिलं आणि कप तसेच आत परत नेले.

पुढे कितीतरी दिवस वहिनी दोघांशीही बोलत नव्हत्या. मेहुणे-मेहुणे मात्र शेजारी शेजारी बसून, कुजबुजत, पलंगाला फळ्या ठोकत होते.