थांबलं तिथून पुढं

सयाजी सोमवंशी माणूस चांगला. व्यसन नाही, कुणाशी भांडण नाही, गाडीला कधी ओरखडा नाही. खोड एकच, पण ती जन्माची. पुढं काय झालं ते कळल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नाही. आणि देवानं धंदा कुठला द्यावा, तर ड्रायव्हरचा! अर्धवट गोष्टी ऐकाव्यात तर त्या ड्रायव्हरनंच. लातूरकडून आला तेव्हा तो मारुंजीत राहून हिंजवडीच्या आयटीवाल्यांची कॅब चालवायचा. मागच्या सीटवर एखादी पोरगी फोनवर रडत रडत आईला सांगायची की बाबांना यातलं काही बोलू नकोस, आणि नेमकं तिचं ऑफिस यायचं. पोरगी उतरून जायची. सयाजी मात्र आठवडाभर बायकोचं, कौशल्येचं, डोकं खायचा की बापाला काय सांगायचं नसेल गं? कौशल्या म्हणायची, नसत्या उठाठेवी करू नका. पण जित्याची खोड ती, अशी थोडीच जाते!

पुढं कॅबचा कंटाळा आला आणि तो कुरुळीत खोली घेऊन कंपनीची बस चालवायला लागला. सकाळी कुरुळीच्या बायका भरायच्या, चाकणच्या एमआयडीसीत नेऊन सोडायच्या, संध्याकाळी परत आणायच्या. गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे बांधणारी कंपनी, लाइनवर सगळ्या बायकाच. ट्रान्सपोर्टवाल्या मालकाचा एक नियम कडक होता. बस चालू असताना ड्रायव्हरचा फोन बंद करून खणात ठेवायचा, गाण्यासाठीसुद्धा बाहेर काढायचा नाही. डॅशबोर्डवरच्या सेटला पेनड्राइव्ह लावायचा आणि सिनेमाची गाणी ऐकायची, एवढीच काय ती करमणूक.

तर एकदा सयाजीच्या मेव्हण्यानं गावाकडून एक पेनड्राइव्ह पाठवला. गावच्या जत्रेत सोपानराव गोंधळ्यानं रात्री सांगितलेली एक कथा त्यानं अख्खी रेकॉर्ड करून घेतली होती. एका सलग तुकड्यात, चांगली तीन तासांवर. सयाजीनं सहज म्हणून ती बसमध्ये लावली.

गोष्ट गिरजा परटिणीची. राणीचा शालू धुवायला आला, त्याच्या पदराला गाठ होती, गाठीत मोती. गिरजानं तो इमानानं नेऊन राणीच्या हातावर ठेवला. राणीनं मोती बघितला, गिरजाकडं बघितलं आणि म्हणाली, मोती दोन होते. संबळ थांबला, सोपानरावांनी दम घेतला, आणि बस कंपनीच्या गेटात शिरली.

संध्याकाळी बायका चढल्या त्या तोंडानं काय होणार, काय होणार करतच. सयाजीनं चावी फिरवली, सेट लागला, आणि गोष्ट सुरू झाली ती गणेशवंदनेपासून. बस बंद झाली की सेट सगळं विसरायचा. पुढं ढकलायचं बटण दाबावं तर ते एकदम कथा संपवून खालच्या लावणीवर उडी मारायचं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. राणीनं मोती दोन होते म्हणायचं आणि गेट यायचं. आठवड्याभरात वंदना अख्ख्या बसला पाठ झाली आणि बायका सयाजीला हसायला लागल्या. गाडी शिकला पण गोष्ट चालवता येईना, असं म्हणायच्या.

एक बाई तेवढी हसायची नाही. दुर्गाबाई. जालन्याकडची, चाळिशीची, ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या सीटवर खिडकीला टेकून बसणारी. सहा महिन्यांत ती सयाजीशी दोन शब्दही बोलली नव्हती. ती एका सकाळी उतरताना पायरीवर थांबली आणि म्हणाली, "दादा, त्या परटिणीचं पुढं काय झालं, ते मला शनिवारपर्यंत ऐकवा. शनिवारी माझा शेवटचा दिवस हाय."

शनिवारच का, हे सयाजीनं कुणाला विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती, बस सगळं सांगते. लाइनवर कनेक्टरचे खोके स्टोअरमधून यायचे. एके दिवशी हिशेबात एक खोका कमी भरला. सुपरवायझरनं लाइन बघणाऱ्या दिपालीला विचारलं, दुर्गाबाईकडं दोन खोके दिले होते ना? दिपाली हो म्हणाली. दुर्गाबाई म्हणत राहिली की माझ्याकडं एकच आला. चोरी असं कुणी तोंडानं म्हटलं नाही, ताकाला जाऊन भांडं लपवतात तसं सगळं गोडीगोडीत झालं. कॉन्ट्रॅक्ट संपतंय, ब्रेक घ्या, गरज लागली की फोन करू. फोन यायचा नाही, हे दुर्गाबाईलाही कळत होतं आणि मागच्या सीटांवरच्या बायकांनाही. दिपाली त्याच बसनं यायची. ती हल्ली शेवटच्या सीटवर बसायची.

या पट्ट्यात सुट्टी गुरुवारची. त्या गुरुवारी सयाजी सकाळीच बाहेर पडला. कौशल्येनं विचारलं कुठं, तर म्हणाला, गाणी ऐकायचं यंत्र बघायला. तिनं कपाळाला हात लावला.

चाकणच्या बाजारात पहिल्या दुकानदारानं ब्लूटूथचं बारकं यंत्र दाखवलं. त्याला फोन लागतो, म्हणून ते बाद. दुसऱ्यानं जुन्या गाण्यांनी आधीच भरलेला रेडिओसारखा डबा दाखवला. दिसायला झकास, पण त्यात आपलं काही घालायची सोय नाही. तिसऱ्याकडं काडेपेटीएवढा प्लेअर होता. सयाजीनं मेव्हण्याचा पेनड्राइव्ह त्यात ओतून घेतला, कथा लावली, थोडी ऐकली, यंत्र बंद केलं, पुन्हा लावलं. गणेशवंदना! सयाजीनं हात जोडले ते गणपतीला की दुकानदाराला, कळलं नाही.

मग त्यानं पिंपरी कॅम्प गाठला. तिथं एका काचेच्या कपाटाशी तो अडून बसला. दुकानातल्या पोरानं मोठ्या कौतुकानं एक महागडा प्लेअर काढला आणि आवाज किती स्वच्छ, बास किती खोल, ते सांगायला लागला. सयाजी म्हणाला, आवाज कसाही चालेल, इंजिनापुढं कुणाला कळतोय. मला सांगा, याला आठवण हाय का? पोरगं गोंधळलं. तेव्हा आतून म्हातारे मालक उठून आले. त्यांनी सयाजीचं सगळं ऐकून घेतलं, परटिणीसकट, आणि खालच्या कप्प्यातून एक जाडजूड प्लेअर काढला. मोठी बटणं, पोटातच छोटा स्पीकर, स्वतःची बॅटरी, गाडीच्या सेटला जोडायची वायर. मालक म्हणाले की पोथ्या ऐकणारे लोक पूर्वी हा न्यायचे, आता कुणी विचारत नाही. हा थांबलं तिथून पुढं लागतो.

सयाजीनं लगेच विश्वास ठेवला असं समजू नका. कथा लावली, बंद केली, लावली. बरोबर तिथूनच. बॅटरी काढली, घातली. तिथूनच. मग विचारलं, खड्ड्यात बंद पडतो का? आणि उत्तराची वाट न बघता प्लेअर मांडीवर धपाधप आपटला. दुकानातली गिऱ्हाइकं बघत राहिली. पण बसच्या वाटेवरच्या तळेगाव चौकातले खड्डे रोज कोण खातं, ती गिऱ्हाइकं का सयाजी? प्लेअर वाजतच राहिला. घरी येताना पुढचं ऐकायचा मोह त्याला असा झाला की सांगता सोय नाही. हात दोनदा खिशात गेला. पण बसला सोडून एकट्यानं पुढं जाणं त्याला बरं वाटलं नाही.

शुक्रवारी सकाळी राणी म्हणाली मोती दोन होते, आणि गेट आलं. संध्याकाळी चावी फिरली आणि सोपानरावांचा आवाज आला, "गिरजा म्हणाली, बाईसाहेब, मग दुसरा मी शोधते." बायकांनी अशा टाळ्या वाजवल्या की शेजारचा ट्रकवाला वाकून बघायला लागला. दुर्गाबाई पुढं सरकून बसली.

गिरजा नदीकाठानं निघाली. मोती धुण्यात सुटला असेल तर पाण्याबरोबर खालीच जाणार, म्हणून घाटाघाटावर उतरून विचारत चालली. कुठं मासळीवाल्या, कुठं पाणी भरणाऱ्या, कुठं धुणं आपटणाऱ्या तिच्यासारख्याच बायका. कुठं हाकललं, कुठं जेवू घातलं. शनिवारी सकाळचं कंपनीचं गेट आलं तेव्हा ती अजून चालतच होती आणि नदी संपत नव्हती.

शनिवारी संध्याकाळी दुर्गाबाई डबा, चप्पल आणि लाइनवरची बसायची उशी पिशवीत घालून चढली. सयाजी आयुष्यात पहिल्यांदा चौकातल्या ट्रॅफिकची वाट बघत होता. रोज नाकात दम आणणारा चौक नेमका मोकळा! त्यानं गाडी हळू चालवली, बैलगाडी बरी इतकी हळू, मागून हॉर्नचा नुसता भडिमार. तरी कुरुळीचा फाटा आलाच. गिरजा तेव्हा नदीच्या पार टोकाला, एका आंधळ्या नावाडिणीपुढं उभी होती. म्हातारीनं तिचे दोन्ही हात हातात घेतले होते आणि अजून काही बोलली नव्हती.

सयाजीनं दार उघडलं. कुणी उठलं नाही.

घरी पोरं वाट बघत होती, पाणी यायची वेळ झाली होती, दळण टाकायचं होतं. तरी कुणी उठलं नाही. सयाजीनं बस रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं, सेट बंद झाला. मग त्यानं प्लेअरची वायर काढली आणि तो दुर्गाबाईच्या सीटच्या दांड्यावर टेकवून धरला. छोट्या स्पीकरमधून सोपानराव बोलायला लागले तशा बायका सीटा सोडून पुढं आल्या. स्वतः सयाजीही वळून बसला. ड्रायव्हर होऊन इतकी वर्षं झाली, गोष्टीकडं तोंड करून तो पहिल्यांदाच बसला होता.

नावाडीण म्हणाली, नदीनं मोती घेतला असता तर माझ्या हाताला लागला असता. पोरी, तू सगळ्यांना विचारत आलीस. पण राणीनं दुसरा मोती कुठं बघितला, हे राणीला विचारलंस का? गिरजा उलट चालत राजवाड्यात गेली आणि भर दरबारात तेवढंच विचारलं. राणी रागानं उठली, तिला आपल्या महालात घेऊन गेली, आरशासमोर बसली, मोती गळ्याशी धरला आणि म्हणाली, हा एक आणि तो बघ, तो दुसरा.

बसमध्ये एकदम हसू फुटलं आणि तितक्याच एकदम विरलं. पुढं राणीनं गिरजाला साडी दिली. गिरजानं ती घेतली, नदीवर नेऊन धुतली, वाळवली, घडी घालून राजवाड्यात परत ठेवली आणि गाव सोडून गेली. संबळ वाजला. कथा संपली.

दुर्गाबाई पिशवी घेऊन उठली. तेवढ्यात मागून दिपाली पुढं आली. तिचं तोंड उतरलं होतं.

"मावशी, साहेबांनी विचारलं, दोन होते ना. मी हो म्हणाले. मी बघितलंच नव्हतं."

बायका जागच्या जागी थांबल्या. दुर्गाबाई तिच्याकडं वळली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही.

"हे इथं बसमध्ये सांगून काय उपयोग, दिपाली? उद्या तिथं मी नसणार. तू असणार."

एवढं बोलून ती उतरली आणि फाट्यावरून आत, खोल्यांकडं चालत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस भरली. दुर्गाबाईची सीट रिकामी होती. बायका तिला वळसा घालून मागं गेल्या. सगळ्यांत शेवटी दिपाली चढली आणि त्या सीटवर बसली. मेव्हण्यानं पाठवलेल्या पेनड्राइव्हमध्ये आणखी एक कथा होती, ती सयाजीनं प्लेअरमध्ये घालून आणली होती. त्यानं बटणाकडं हात नेला.

"दादा, आज नका लावू," दिपाली म्हणाली. "साहेबांपुढं काय बोलायचं ते मला जुळवायचंय."

सयाजीनं हात मागं घेतला. अख्ख्या रस्त्यात दिपालीचे ओठ हलत होते, मधेच थांबत होते, पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होते. गेट आलं. ती उतरायला उठली तेव्हा सयाजीनं इतक्या वर्षांत कुठल्याच पॅसेंजरला जे विचारलं नव्हतं ते विचारलं.

"ताई, संध्याकाळी मला सांगाल ना, पुढं काय झालं ते?"

दिपालीनं मान हलवली आणि ती गेटातून आत गेली.